जर्बिलला उचलायचं कसं? हातात घेतलं की उडी मारतात

हळदनगरी (सांगली)
नमस्कार मंडळी. मावसभाऊ पुण्याहून बंगळुरूला शिफ्ट झाला आणि जाताना त्याचे दोन जर्बिल आमच्या गळ्यात मारून गेला. हॅमस्टर नव्हेत बरं का, जर्बिल, उंदराच्याच जातीतले, लांब केसाळ शेपटी आणि टोकाला झुपका असतो ते. काचेच्या टाकीत हॉलमध्ये ठेवलेत. दिसायला लय गोड पण वरून हात घातला की मागच्या पायांनी धप धप धप वाजवतात आणि भुशात पसार. टाकी साफ करायची म्हणजे त्यांना दुसऱ्या खोलीत न्यायलाच लागतं आणि तेवढ्यात ओंजळीतून उडी मारतात, परवा एक फ्रिजच्या मागं गेला, काढेपर्यंत घाम फुटला सगळ्यांना. भाचा सहा वर्षांचा, त्याला शेपटीच दिसते पहिली. आजीचं वेगळंच, "शेतात औषध घालून मारतो त्यास्नी आणि तुम्ही बिया सोलून चारताय." कोणी पाळलेत का? नीट सांगा.

कंदीपेढा (सातारा)
पहिली गोष्ट भाच्याला सांग, शेपटीला हात नाही म्हणजे नाही. जर्बिलच्या शेपटीची कातडी लय नाजूक असते, ओढ बसली की सालीसारखी हातात येते, आत हाड उघडं पडतं आणि ती परत येत नाही, पालीसारखं नाही ते. उरलेला भाग वाळून गळतो नाहीतर डॉक्टरला कापायला लागतो.

दुसरं, वरून हात घालू नको. हे मूळचे मंगोलियाकडच्या कोरड्या माळरानातले, तिथं वरून येतं ते घार नाहीतर ससाणा, त्यामुळं तुझा हात आला की त्यांना तेच वाटतं आणि ती धपधप म्हणजे एकमेकांना दिलेला इशारा. हात बाजूनं, खालून, टाकीच्या तळाला टेकवून ठेव आणि गप बस. पहिल्यांदा वास घेतील, चावून बघतील (बोटाला खाण्याचा वास असला तर नक्की चावणार, म्हणून आधी हात धू, पण उग्र वासाचा साबण नको), मग तळव्यावर सूर्यफुलाची बी ठेव. बी रोज एखाददुसरीच, तेलकट असते. अंगावर चढायला लागले की मगच दोन्ही हातांची ओंजळ खालून घालून उचल, आणि तेही जमिनीवर बसून. एवढासा जीव तुझ्या छातीच्या उंचीवरून फरशीवर पडला तर पाय मोडतो.

गडीमाणूस (इस्लामपूर)
माझा भाऊ फार्मसीला होता, त्यांच्या लॅबमध्ये उंदीर शेपटीच्या बुडालाच धरायचे, काय होत नाही. उगाच लाड.

मिरजवाली
@गडीमाणूस दादा, लॅबमधली माणसं शिकलेली असतात आणि ती बुडाशी धरून लगेच दुसरा हात खाली लावतात, घरात ते कोण करणार आणि सहा वर्षांचं पोर तर टोकच धरणार. नका सांगू असलं.

आणि हळदनगरी, मुळात उचलतोस कशाला? खोका वापर की. जाड पुठ्ठ्याचा खोका घे, त्यात त्यांच्याच टाकीतला थोडा जुना भुसा टाक, आडवा करून टाकीत ठेव. बीळ दिसलं की हे आपणहून आत जातात. दोघं गेले की हळूच उभा कर, वर झाकण, भोकं पाडलेली, आणि खालून दोन्ही हात लावून खोली बदल. दोघांना एकत्रच ने. जास्त वेळ वेगळे ठेवलेस तर एकमेकांचा वास विसरतात आणि मग रक्त निघेपर्यंत भांडतात.

अजून एक, काही जर्बिलना अचानक घाबरल्यावर फिट येते, कान मागं जातात, अंग ताठ होतं, थरथरतात. तोंडात पाणी घालायचं नाही, हलवायचं नाही, टाकीत ठेवून लाईट आवाज कमी करायचा, मिनिट दोन मिनिटांत बहुतेक उठतात. सारखंच व्हायला लागलं तर डॉक्टरला दाखव. आपल्याकडं बहुतेक डॉक्टर म्हशी आणि कुत्री बघणारे, म्हणून आधी फोन करून विचार. शिरवळला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथंही विचारता येईल.

गावभागकर
मोकळं खेळवायचं असेल तर कोरडी बाथरूम बेस्ट. बादल्या, साबण बाहेर, मोरीच्या जाळीवर वीट, दाराच्या फटीला टॉवेल, आणि आपण खाली मांडी घालून बसायचं. हॉलमध्ये सोडलं तर पहिला चार्जर जातो. सुटलाच तर मागं पळू नका, दारं बंद करा आणि भिंतीला लागून खोका आडवा ठेवा, हे भिंतीकडेनंच पळतात.

आणि सांगलीत राहतोस म्हणून सांगतो, नेण्याचा खोका पावसाळ्याआधीच तयार ठेव. 2019 च्या आणि परत 2021 च्या पुरात आमच्या गल्लीत लोकं टीव्ही, गॅस, पोरं वर नेताना दमली, पिंजऱ्यातल्या जनावरांचं कुणाला सुचलंच नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटाच्या इशारा पातळीला आलं की यांना वर न्यायचं, 45 च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. आणि वर म्हणजे पत्र्याखाली नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही, वाळवंटातले असले तरी तिथं ते जमिनीखाली गारव्यात असतात.

भडंगप्रेमी
भडंग चालतं का त्यांना 😄

मिरजवाली
नाही. तेल, मीठ, लसूण. तूच खा.

हळदनगरी (सांगली)
धन्यवाद सगळ्यांना, भाच्याला दम दिलाय आणि आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "एवढं तर मला बाळंतपणात नाही जपलं कुणी." बिस्किटाचा खोका ठेवलाय टाकीत. एक आत जाऊन बसला, दुसऱ्यानं बाहेरून कोपरा कुरतडायला घेतलाय. प्लायवुडचा करून घेऊ का?

मिरजवाली
प्लाय नको, त्याला गोंद असतो. कुरतडू दे की, दात वाढत राहतात त्यांचे, झिजायलाच पाहिजेत. टाकीत हाच राहू दे आणि न्यायला दुसरा कोरा ठेव, फक्त त्यातली चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाक.