मेकॅनिकलमधून बायोकडे जायचंय: इंटरडिसिप्लिनरी मास्टर्स घेऊ की आपल्याच डिपार्टमेंटमध्ये राहून को-गाइड घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण दोन-तीन आठवडे डोक्यात हेच चाललंय आणि ओळखीत या विषयातलं कुणीच नाही.

माझं बीई मेकॅनिकल. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी बायोच्या एका लॅबमध्ये काम मिळालं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी चपट्या चॅनलमध्ये वाढवायच्या आणि त्यांच्यावरून द्रव वाहू द्यायचा, माझं काम एवढंच की पेशींवर साधारण १.५ पास्कल शिअर स्ट्रेस (वाहता द्रव पृष्ठभागावरून घासत जाताना देतो तो ताण) येईल असा फ्लो बसवायचा. सूत्र साधंच आहे, पण चॅनलच्या उंचीचा वर्ग छेदात येतो, म्हणजे उंची १० टक्के चुकली की स्ट्रेस जवळपास २० टक्के चुकणार, म्हणून ती मी पुन्हा पुन्हा मोजली. आणि पंप एकदम पूर्ण फ्लोवर सुरू केला तर निम्म्या पेशी सुटून वाहून गेल्या! तिथल्या सीनियर ताईने सांगितलं, त्यांना आधी नीट चिकटू दे, मग हळूहळू वाढव. पुढच्या खेपेला तसं केलं आणि २४ तासांनी मायक्रोस्कोपमधून बघते तर कशाही पसरलेल्या पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने ओळीने लागलेल्या. अंगावर काटा आला. तेव्हापासून ठरलंय की करायचं तर हेच.

आता दोन ठिकाणी ॲडमिशन मिळतंय आणि महिनाअखेर कळवायचंय. एक बायोइंजिनिअरिंगचा इंटरडिसिप्लिनरी प्रोग्रॅम, दोन डिपार्टमेंटचे दोन गाइड, कोर्सवर्क दोन्हीकडचं. दुसरं मेकॅनिकलच, थिसिस याच विषयावर, को-गाइड बायोचे, पण बायोचे कोर्स क्रेडिटमध्ये धरणार नाहीत, वरचे म्हणून करायचे. पहिल्यात भीती ही की दोन्हीकडचं थोडं थोडं येईल आणि धड एकही नाही. फ्रान्सिस अरनॉल्ड यांची पहिली डिग्री मेकॅनिकल-एरोस्पेसची, पुढे एन्झाइमवरच्या कामाला २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल, हे वाचून खूप धीर आला होता. पण त्यांची पीएचडी केमिकल इंजिनिअरिंगची, म्हणजे एका जुन्या, ठरलेल्या शाखेतलीच, मग मी काय समजू? पुढे पीएचडीही करायची आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
मी फिजिक्समधून न्यूरोसायन्सला गेलो, दोन गाइड होते. डिग्रीच्या नावापेक्षा आधी हे विचारा की तुमचं टेबल कुठल्या लॅबमध्ये असणार, स्टायपेंड कुणाच्या ग्रँटमधून येणार आणि दोन गाइडचं एकमत झालं नाही तर थिसिसवर शेवटचा शब्द कुणाचा. माझ्याकडे हे कुणीच ठरवलं नव्हतं, एका सरांना मॉडेल हवं होतं, दुसऱ्या मॅडमना प्रयोग, त्यात जवळजवळ वर्ष गेलं. आणि हे उत्तर गाइडकडून नाही, तिथे सध्या शिकणाऱ्या मुलांकडून घ्या.
थोडं थोडं येण्याची भीती खरी आहे, पण त्यावर इलाज म्हणजे नव्या विषयात पहिल्या यत्तेत बसायची तयारी. वेंकी रामकृष्णन १९७६ मध्ये फिजिक्समध्ये पीएचडी झाल्यावर पुन्हा बायोलॉजीत ग्रॅज्युएट स्टुडंट म्हणून दोन वर्षं शिकले, रायबोसोमचं (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेचं) नोबेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००९ ला. तुमच्या दुसऱ्या पर्यायात सेल बायॉलॉजी वरचं म्हणून करायचं आहे, आणि थिसिसची घाई सुरू झाली की पहिल्यांदा तेच सुटतं. मी असतो तर पहिला पर्याय घेतला असता, मात्र मुख्य गाइड कोण हे लेखी घेऊन, आणि फ्लुइड्सचा एखादा ॲडव्हान्स्ड कोर्स न सोडता.

धागाकर्ती:
मनापासून आभार. टेबल कुठे असेल हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. तिथल्या दोन विद्यार्थ्यांना आजच मेल टाकते. अजून एक, मुख्य गाइड बायोचे असतील तर पुढे मेकॅनिकलमध्ये पीएचडीला अडचण येते का?