जमीन गोठताना पाणी 'झिरपतं' की 'चढतं'?

प्रश्न : गोठणाऱ्या जमिनीवरचा एक लेख मराठीत करतोय. 'फ्रॉस्ट हीव्ह'ला, म्हणजे गोठताना जमीन वर उचलली जाते त्याला, 'हिमफुगवटा' लिहिलंय, आणि पाणी गोठत्या थराकडे जातं त्याला 'झिरपणे'. चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोत. 'फुगवटा' म्हटलं की पाणी गोठताना साधारण 9 टक्के प्रसरण पावतं, तेवढंच डोळ्यांपुढे येतं. खरं कारण ते नव्हे. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1930च्या सुमारास पाण्याऐवजी बेन्झीन घालून माती गोठवली. बेन्झीन गोठताना आकसतं, तरी माती वर आलीच! खालून नवा द्रव ओढला जातो, गोठत्या थराला मिळतो आणि जमीन उचलते. म्हणून 'गोठउचल'. शब्द खडबडीत आहे खरा, पण अर्थ चुकवत नाही.

'झिरपणे', 'मुरणे' ही खाली उतरणाऱ्या पाण्याची क्रियापदं. इथे शून्याखालीही मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिसूक्ष्म थर न गोठता राहतो आणि त्यातून पाणी थंड बाजूकडे सरकतं. भिंतीला ओल चढते ना, तसं 'चढणे' लिहा.

दुसरं उत्तर : 'चढणे' नेहमी बसणार नाही. पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीच्या, प्रदेशात उन्हाळ्यात वितळलेला थर पुढे वरून आणि खालून, दोन्हीकडून गोठू शकतो. मग पाणी खालीही जातं. दिशा थंडी ठरवते, म्हणून 'ओढलं जाणे' जास्त सुरक्षित.

प्रश्न : पटलं. आणि 'आइस लेन्स', म्हणजे गोठत्या मातीत साचणारे बर्फाचे थर? लेखात मंगळही आहे.

उत्तर : 'भिंग' लिहिलंत तर वाचक त्यातून बघायला जाईल. 'बर्फाचा पदर' म्हणा. मातीत पदर सुटलेले दिसतात : बर्फ, माती, पुन्हा बर्फ. सगळ्यात जास्त ते बारीक गाळमातीत. वाळूची ओढ कमी पडते, चिकणमातीतून पाणी लवकर सरकत नाही.

मंगळावर 2008मध्ये नासाच्या फीनिक्स यानाने काही सेंटिमीटर खणलं, तेव्हा एका जागी जवळजवळ निव्वळ बर्फ लागला, दुसऱ्या जागी मातीच्या फटींत भरलेला. निव्वळ बर्फ असेच पदर वाढून झाला असावा, हा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच लिहा. उघडे पडलेले पांढरे तुकडे काही दिवसांत नाहीसे झाले, तिथे 'वितळले' नको, 'संप्लवन झालं' हवं, म्हणजे बर्फाची पाणी न होता थेट वाफ झाली.

जाता जाता, पर्माफ्रॉस्टला 'कायमचा बर्फ' करू नका. सलग किमान 2 वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेली जमीन, एवढीच अट. मग ती कोरडी खडखडीत का असेना.