अनुभव धागा: बॅगेला बुरशी आली, मग काय केलंत?

माळ्यावरची मांजर (धागाकर्ती)

गणपतीला गावी जायचं म्हणून माळ्यावरून बॅगा खाली येतात आणि दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो. "बुरशी आलीय गं, काय लावू?" उत्तरंही ठरलेली. व्हिनेगर लाव, उन्हात टाक, खोबरेल चोळ. यातली बरीचशी उत्तरं बरोबर असतात, फक्त दुसऱ्याच कुठल्यातरी बॅगेसाठी. कॅनव्हासला मानवतं त्यानं कातड्याचं वाटोळं होतं, नायलॉनला चालतं ते तागाला चालत नाही.

म्हणून बॅग कशाची होती ते आधी लिहा. बुरशी कशी होती (पांढरी भुकटी, हिरवट लव, काळे ठिपके) तेही लिहा. आणि पुढच्या पावसात ती परत आली का, हे नक्की लिहा. सगळे "निघाली!" म्हणून टाळ्या घेतात, पुढच्या जुलैचं कुणी बोलत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगते. बुरशी झाडायची ती गॅलरीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला लांब ठेवा. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही चांगले मग एकत्र दुप्पट चांगले, असं इथे होत नाही.

वकिलीण, रत्नागिरी

काळी कातडी ऑफिस बॅग. उन्हाळी सुट्टीत कपाटात गेली, ऑगस्टमध्ये काढली तर शिवणीच्या कडेकडेनं आणि हँडलच्या खालच्या अंगाला हिरवट लव. गंमत अशी की बॅगेच्या पाठीवर काहीच नव्हतं. जिथे हाताचा घाम आणि तेल मुरलेलं, नेमकी तिथेच.

आधी कोरडीच झाडली, जुन्या मऊ टूथब्रशनं, शिवणीत शिवणीत. ओला फडका पहिल्यांदा फिरवला की लव कातड्यात चोळली जाते. मग औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी, कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसलं. आधी तळाशी, दिसणार नाही अशा ठिकाणी थोडं लावून बघितलं, कारण अल्कोहोलनं रंग निघू शकतो. बोळ्यावर किंचित काळं आलं पण बॅगेवर डाग पडला नाही. मग पंख्याखाली सावलीत, चेन आणि सगळे कप्पे उघडे टाकून. पूर्ण वाळल्यावर बिनरंगाचं बुटाचं क्रीम अगदी पातळ.

अस्तर बाहेर उलटून काढता आलं म्हणून वाचले. कुबट वास कातड्याला नव्हताच, अस्तराला होता.

सासरे दरवर्षी त्यांच्या बॅगेला खोबरेल लावायचे. चकाकायची छान, आणि श्रावणात बरोब्बर पांढरी व्हायची. तेल म्हणजे बुरशीला ताट वाढून देणं आहे.

चिंचेचा चोथा

वकिलीणताई, माझ्या तपकिरी पर्सवर पांढरी भुकटी आहे, पण वास अजिबात नाही. पुसली की जाते, आठवड्याने परत. अल्कोहोल लावू का?

टाचणी-आरी, कोल्हापूर

थांबा, आधी हेअर ड्रायर लावा. आमच्या घरात कातड्याचंच काम चालतं, हा प्रश्न गिऱ्हाईक कायम आणतं. कातडं कमावताना आणि नंतर जे तेल-चरबी-मेण मुरवतात, ते कधीकधी वर येऊन पांढरं साचतं. ती बुरशी नव्हे. गरम हवा मारली की चरबी विरघळून आत जाते आणि पांढरेपणा नाहीसा होतो. बुरशी असेल तर तशीच राहते. शिवाय बुरशी ठिपक्याठिपक्यांनी, गोल गोल वाढते आणि जवळून बघितली तर तिला केस दिसतात. चरबी सरसकट, धुक्यासारखी. चरबीच असली तर कोरड्या फडक्यानं पुसा, औषध काही नको.

आणखी एक. कोल्हापुरी चपलेचं कातडं पारंपरिक पद्धतीनं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तशा कातड्याच्या बॅगा हल्ली खूप येतात. दिसायला देखण्या, पण दमटपणा चटकन ओढतात आणि पाण्याचा डाग धरतात. त्या पावसाळ्यात वापरात ठेवा, नाहीतर सुती पिशवीत घालून हवेशीर जागी टांगा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मात्र ठेवू नका. सुएड (मखमलीसारखं लवदार कातडं) असेल तर पाणीच नको. नुसता ब्रश, आणि फारच झालं तर अल्कोहोलचा बोळा निथळून.

चिंचेचा चोथा

विरघळलं! दादा, धन्यवाद.

घाटवाट

ट्रेकची सॅक, नायलॉन. पावसाळी ट्रेकहून रात्री उशिरा घरी आलं की सॅक कोपऱ्यात जाते आणि सोमवार उजाडतो, ही आपल्या सगळ्यांची गोष्ट. बाहेरचं कापड दोन दिवसांत वाळतं. वाळत नाही तो कमरपट्ट्याचा आणि पाठीचा फोम. काळे ठिपके तिथूनच सुरू होतात.

धुताना आतली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढायची. बादलीत किंवा टबात कोमट पाणी, थोडा साधा लिक्विड साबण, मऊ ब्रश. मशीनमध्ये नाही, गरम पाणी नाही, ब्लीच तर नाहीच, त्यानं नायलॉन कमकुवत होतं आणि ज्या पट्ट्यावर पंधरा किलो लटकणार तो कमकुवत झालेला कुणाला हवाय? फोमला निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी फवारून तासभर ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं खळबळून उलटी टांगायची. ठिपके पूर्ण गेले नाहीत, फिके झाले. वास गेला. मला तेवढं पुरे.

आतल्या बाजूचा चकचकीत थर चिकट लागत असेल किंवा पापुद्रे निघत असतील तर ती बुरशी नव्हे. तो पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत विघटित होतोय. त्याला घासून काही होत नाही. मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं अस्तर घाला आणि सॅक वापरत राहा.

रेक्झिनची राणी, कल्याण

घाटवाट म्हणतात तेच रेक्झिनच्या पर्सचं. बुरशी वरवर असते, साबणाच्या फडक्यानं निघते. पण कोपऱ्यांचे पापुद्रे सुटायला लागले की पर्सचं आयुष्य संपलं. त्या पापुद्र्यांवर मी बुटाचं पॉलिश लावलेलं बघून मुलगी हसली होती. बरोबरच हसली.

निळी शाई

पांढऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या. साहित्य संमेलनं, पुस्तक प्रदर्शनं, लग्नातले आहेर... प्रत्येक मराठी घरात यांचा ढीग असतो. ओल्या छत्र्या त्यातच कोंबल्या जातात आणि मग तळाला काळी खडी पडते.

कापडाची बॅग सगळ्यांत सोपी, कारण ती खरोखर धुता येते. मी ऑक्सिजन ब्लीचच्या (क्लोरीन नसलेल्या) गरम पाण्यात रात्रभर भिजवून, घासून, कडक उन्हात वाळवते. ऊन इथे खरंच औषध आहे. रंगीत छपाई असेल तर ती उतरू शकते, तेव्हा जरा बघून. काळे ठिपके जुने असतील तर पूर्ण जात नाहीत. बुरशी मरते, तिचा रंग धाग्यात राहतो. लोक तो डाग घालवायला पुन्हा पुन्हा घासतात आणि कापडाला भोक पाडतात. डाग म्हणजे जिवंत बुरशी नव्हे, वास नसेल तर खुशाल भाजी आणा.

गोणपाट

तागाची पिशवी भिजवू नका. ताग ओला झाला की कमजोर पडतो, पिळला की आकार जातो, आणि आत पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा थर असेल तर वाळता वाळत नाही. कोरडा कडक ब्रश, मग व्हिनेगर-पाण्याचा घट्ट पिळलेला फडका, मग लगेच टेबलफॅन. जास्त उन्हात ठेवली की पिवळी पडते.

ऑरेंज सिटी

कोकणवाल्यांनो, आमच्याकडे बॅगेला बुरशी मे महिन्यात येते. हसू नका. नागपूरला ४५ अंशात खिडकीला कूलर, आणि कूलरसमोरच्या भिंतीला लाकडी कपाट. दिवसरात्र ओली हवा त्याच्यावर. बाहेर पापड वाळतायत आणि आत ट्रॉली बॅगेच्या अस्तरावर पांढरे ठिपके. कपाट जागेवरून हलवलं, समोरची खिडकी उघडी ठेवायला लागलो (कूलरला ती तशीही हवीच, नाहीतर नुसता चिकचिकाट होतो), तेव्हापासून नाही.

बॅग साफ करायला मात्र आमच्यासारखी जागा नाही. अंगणात तासभर उघडी टाकली, काम झालं.

माळ्यावरची मांजर

हे भारी आहे. म्हणजे प्रश्न पावसाचा नाही, त्या एका कोपऱ्यातल्या हवेचा आहे. साधारण ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता सलग राहिली की बुरशीचं फावतं, मग ती रत्नागिरीची असो की कूलरची. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवून बघा. स्वस्त मिळतो, आणि कुठलं कपाट गुन्हेगार ते कळतं. माझ्याकडे बाहेरच्या भिंतीला टेकलेलं निघालं.

पागोळी, आंबोली

आमच्याकडे तो मापक ठेवलात तर बिचारा रडेल.

आंबोलीत जून ते सप्टेंबर कपाटात बल्ब लावायची जुनी पद्धत. चाळीसचा पिवळा बल्ब, खालच्या कप्प्यात, भोवती जाळी, कपड्यापासून लांब. त्या उबेनं कपाट कोरडं राहायचं. मध्यंतरी घरातले सगळे दिवे एलईडी झाले, कपाटातलाही बदलला, आणि त्याच वर्षी आईच्या पर्सेस, बाबांचा पट्टा, सगळ्यावर हिरवं रान. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही! आता कपाटात बसवायचा छोटा हीटिंग रॉड मिळतो, तो लावलाय.

कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून. ओला ठेवलात तर आपणच ओल आणून दिली. आणि डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीसाठी त्यांचा भरवसा नाही. वास तेवढा दिवाळीपर्यंत जात नाही.

बटवा

आईचा पैठणीच्या कापडाचा बटवा, आत सुती अस्तर, लेकाच्या मुंजीनंतर बंद डब्यात. अस्तरावर बुरशी, रेशमावर दोन फिके ठिपके. रेशमाला ब्लीच म्हणजे नाशच, ते धागाच खातं. व्हिनेगरचा हात जरीला लावायची छाती झाली नाही. मेकअपच्या मऊ ब्रशनं सावलीत झाडलं, अस्तर उसवून फेकलं आणि नवीन मलमलचं लावलं. रेशमावरचे ठिपके ड्रायक्लीनवाल्याकडे दिले, "बुरशी आहे" हे सांगून. हे सांगायला हवं, नाहीतर ते साधा डाग समजून इस्त्री फिरवतात. आता डब्यात नाही, मलमलमध्ये गुंडाळून.

सिंगापूरकर काकू

इथे बाराही महिने श्रावण. आमच्या घरात बॉम्ब शेल्टर आहे, म्हणजे जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची, खिडकी नसलेली खोली. युद्ध काही होत नाही, त्यामुळे सगळे तिची अडगळीची खोली करतात. भारतात जायच्या बॅगा तिथेच. आणि भारतात उतरल्यावर बहिणीनं पहिलं वाक्य म्हटलं, "कसला वास येतोय गं?"

पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे इथे सगळे ठेवतात. चालतात, पण डबा भरला आणि कलंडला तर ते खारं पाणी कातड्याला कायमचं खराब करतं. शेजारणीची पर्स तशी गेली. म्हणून डबे जमिनीवर, बॅगा वरच्या फळीवर. बॅगेच्या आत सिलिका जेल. नारिंगी मणी हिरवे झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परत नारिंगी करून घ्यायचे. स्वयंपाकाची कढई नको. आणि बॅग फुगीर राहावी म्हणून वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात ना, ते महिन्याने बदला. कागद ओल पितो आणि ती बॅगेतच सांभाळून ठेवतो.

तीनताल

तबल्याच्या गवसणीचं कुणीच लिहिलं नाही. आतला फोम ओला, तबला आत, चेन बंद, आणि बुरशी गवसणीवरून थेट पुडीवर, म्हणजे तबल्यावर ताणलेल्या कातड्यावर. गवसणी धुता येते. पुडीला मात्र फक्त कोरडा मऊ फडका, कुठलंही द्रव नको, मधल्या काळ्या गोलाजवळ, म्हणजे शाईजवळ, तर नाहीच. पावसाळ्यात मी तबला बाहेरच ठेवतो, वर सुती कापड टाकून.

निळी शाई

तीनताल, कॅमेऱ्याच्या बॅगेचंही हेच. फोममधली बुरशी भिंगावर गेली की काचेवरचा थर कायमचा खराब होऊ शकतो. भिंग बॅगेत साठवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

कृष्णाकाठ, सांगली

माझा अनुभव वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, पण पूररेषेतल्यांना उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१९. पाणी उतरल्यावर घर उघडलं तर लाकडी कपाट फुगून दार निघेना, ते पहारीनं उचकटलं. आत सगळ्या बॅगा एकाच रंगाच्या. गाळावर बुरशी, पांढरी, काळी आणि एका पर्सवर चक्क गुलाबी.

पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यामुळे वरचे उपाय इथे लागू नाहीत. फोमच्या, पुठ्ठ्याच्या, अस्तर शिवलेल्या, कातडी, सगळ्या टाकल्या. माझी लग्नातली पर्सही. जीव तुटला, पण आत शिरलेला गाळ निघत नाही. ठेवल्या त्या दोनच प्रकारच्या: एकेरी सुती पिशव्या, ज्या उकळत्या पाण्यात टाकता आल्या, आणि कडक प्लॅस्टिकची ट्रॉली. ट्रॉलीचं अस्तर ब्लेडनं कापून काढलं, कवच साबणानं, मग पातळ ब्लीचनं धुऊन गच्चीवर ठेवलं. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क.

टाकण्याआधी सगळ्या बॅगांचे फोटो काढून ठेवा आणि कप्पे पुन्हा एकदा चाचपा. मला एका पर्सच्या चोरकप्प्यात आईची अंगठी मिळाली. आणि कचऱ्यात टाकताना पट्टे कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून घरी नेतं आणि पोरांच्या पाठीवर देतं.