संत्रा धरायच्या रबरी बोटाले सिलिकॉन काऊन? वितळणारं मटेरियल घ्या नं

मोर्शीचा_संत्रावाला:
राजेहो, पोराच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी संत्रा धरायचं रबरी बोट बनवलं, हवा भरली की वाकते आन् फळाले डाग न पाडता धरते. सिलिकॉनचं होतं, जोडाच्या रेषेवर फाटलं. अशी नऊ बोटं घरी पडून हायेत, भंगारवाला ड्रिपच्या नळ्या किलोनं नेते पण हे हातात घेत नाई. एक तव्यावर टाकून पाह्यलं, वितळलं नाई, चुलीत टाकलं तं पांढरी राख. रेणूंच्या साखळ्या एकदा एकमेकीत बांधल्या गेल्या की सिलिकॉन परत पातळ होतच नाई. माझं म्हणणं, टीपीयूच (गरम केलं की वितळणारं रबरासारखं प्लास्टिक) वापरा, फाटलं की तुकडे करा, गरम करा, परत साच्यात दाबा.

अमरावती_मेकॅनिकल:
मले पटत नाई. सिलिकॉन २०० डिग्री सहन करते, ताणून सोडलं की जागेवर येते. टीपीयू जास्त वेळ वाकवून ठेवलं तं थोडं वाकडंच राह्यते, त्यात आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर. आन् हवा भरल्यावर बोट वाकावं म्हणून एका बाजूनं न ताणणारी कापडाची पट्टी चिकटवता नं? ते वेगळं कोण करन? सिलिकॉनले सिलिकॉननंच चिकटवा आन् वापरा, जास्त टिकलं तेवढा कचरा कमी.

मोर्शीचा_संत्रावाला:
मे मध्ये तोड असते कुठं भाऊ? आंबिया बहाराची दिवाळीच्या मागंपुढं, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. कापडाचं मात्र बरोबर पकडलं, ते माह्या ध्यानातच नव्हतं. पण त्या बाजूनं टीपीयूचीच जाड भिंत ठेवली तं कापड लागत नाई. सिलिकॉन चिकटवून पाह्यलं दोनदा, जोडाच्या बाजूलेच फाटते.

वर्धेची_पॉलिमरवाली:
दोघंही दोनच मटेरियल धरून बसले. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्येच डील्स-आल्डर बंधांच्या रबराचे ग्रिपर बनवले, गरम केलं की बंध उघडतात, थंड झालं की परत जुळतात, चाकूनं कापलेलं ८० डिग्रीवर सांधलं गेलं. खरा रस्ता तो आहे, टीपीयू नाही.

अमरावती_मेकॅनिकल:
ताई, ते मोर्शीच्या दुकानात मिळन तेव्हा बोलू. दादा, तोड मे मध्ये नसली तरी मशीन टिनाच्या शेडमध्येच राह्यते नं?

मोर्शीचा_संत्रावाला:
हे खरं. दोन्हीचं एकेक बोट टिनाखाली टांगतो, मे संपला की फोटो टाकतो.

अमरावती_मेकॅनिकल:
हवा काढून टांगा, भरून ठेवलं तं टीपीयूवर अन्याय होईन.