मदत हवी आहे: अ‍ॅस्टेरिस्कचा (फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप नव्या मशीनवर सोडला, पण एक्स्टेंशन एकपण दिसंना

मंडळी, जरा अडकलोय. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघतो, पण "तुला कंप्युटरमधलं कळतंय की" म्हणून फोनची सिस्टीमपण माझ्याच गळ्यात पडलीय. साधं अ‍ॅस्टेरिस्क आहे, क्लिक करायची स्क्रीन वगैरे नाही, सगळं टर्मिनलवरनं. ज्यानं बसवून दिलं तो पुण्याला गेला आणि आता फोन उचलत नाही.

जुना डबा उघडला तर आत मोल्डिंगच्या वाळूची काळी धूळ बोटभर, फॅन घरघरतोय, म्हटलं बंद पडायच्या आत हलवूया. टार कमांड लावून ईटीसीमधलं (सेटिंगच्या फाईली असतात तिथलं) अख्खं अ‍ॅस्टेरिस्क फोल्डर एका फाईलीत बांधलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि नव्या मशीनवर (उबंटू 22.04) रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन सोडलं. सर्व्हिस चालू, स्टेटस हिरवं, आणि 'पीजेसिप शो एंडपॉइंट्स' (एक्स्टेंशनची यादी दाखवायची कमांड) टाकलं की नुसतं 'नो ऑब्जेक्ट्स फाउंड'! फाईल उघडली तर सगळी 26 एक्स्टेंशन जागच्या जागी हायत.

दुसरं, रात्री ऑफिसचे कॉल फॉरवर्ड होतात तो नंबर कुठल्याच कॉन्फिग फाईलीत सापडंना. जुना डबा अजून चालूच ठेवलाय, बंद करायचं धाडस नाही.

रस्सावाला: त्या फोल्डरात एलएस -एल मारून पीजेसिप डॉट कॉन्फ (एक्स्टेंशनची फाईल) कुणाच्या नावावर आहे बघा आधी.

धागाकर्ता: मालक रूट, परमिशन 600 (फक्त मालकालाच वाचता येते). बाकीच्या सगळ्या 644 (कुणालाही वाचता येतात).

रस्सावाला: मग बरोबर. आत पासवर्ड असतात म्हणून त्यानं तेवढी एकच फाईल कुलपात ठेवलेली. जुन्या डब्यावर अ‍ॅस्टेरिस्क रूट म्हणून चालत असणार, उबंटूवर ते अ‍ॅस्टेरिस्क नावाच्या युजरवर चालतं, त्याला फाईल वाचताच येत नाही. 777 (सगळ्यांना सगळी मुभा) मारू नका हां, चोन कमांडनं मालक बदला आणि रीस्टार्ट करा. ट्रान्सपोर्टच्या बाइंडमध्ये (अ‍ॅस्टेरिस्क कुठल्या पत्त्यावर कॉल ऐकतं ती ओळ) जुना आयपी लिहिलेला असंल तर तोपण बघा, नाहीतर पुढं तिथं अडकाल.
फॉरवर्डचा नंबर बहुतेक अ‍ॅस्टडीबीत (अ‍ॅस्टेरिस्कच्या स्वतःच्या छोट्या डेटाबेसात) असंल, म्हणजे व्हार-लिब-अ‍ॅस्टेरिस्कमधली अ‍ॅस्टडीबी डॉट एसक्यूलाइट3. ईटीसीच्या टारमध्ये ती येतच नाही. दोन्हीकडं सर्व्हिस थांबवून मग कॉपी करा, हिचापण मालक बदला. व्हॉइसमेल व्हार-स्पूलमध्ये असतात, तेपण राहिले असतील.
(हे फ्रीपीबीएक्स, म्हणजे अ‍ॅस्टेरिस्कवर क्लिक करायची स्क्रीन देणारं सॉफ्टवेअर, असतं तर नुसत्या फाईली हलवून भागलं नसतं, तिथं खरी माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असते.)

धागाकर्ता: भावा, नाद खुळा! 26 च्या 26 आले, गेटवरनं मेल्टिंगला बेल वाजवून बघितली. अ‍ॅस्टडीबीपण नेली, 'डेटाबेस शो' मारल्यावर फॉरवर्डचा नंबर दिसला. त्या पुण्याच्या माणसाचाच हाय. आमचे रात्रीचे सगळे कॉल इतके दिवस त्यालाच जात होते.