मदत हवी आहे: सामूहिक वनहक्काच्या जंगलासाठी कार्बन क्रेडिटच्या शासकीय योजनेचा मसुदा

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावच्या वन व्यवस्थापन समितीचं हिशेबाचं आणि कागदपत्रांचं काम मी बघतो. आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होऊन १२ वर्षं झाली. जंगल सहाशे हेक्टरच्या आसपास.

मागच्या उन्हाळ्यात एका कंपनीचा माणूस कार्बन क्रेडिटचा करारनामा घेऊन आला. (कार्बन क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून ओढून घेतलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडमागे मिळणारा दाखला; धूर सोडणारी कंपनी तो विकत घेऊन आपल्या धुराची भरपाई म्हणून दाखवते.) मुदत ४० वर्षं, कागद सगळा इंग्रजीत, आणि ग्रामसभेला किती मिळणार तिथे जागा कोरी. सभेत वाचून सांगायला मलाच उभं केलं. तासभर बोलल्यावर एका आजींनी विचारलं, "लाकूड नेणार नाही, पान नेणार नाही, झाड इथंच राहणार. मग तो विकत काय घेतो बाबू?" मला धड उत्तर देता आलं नाही. सभेने सही करायची नाही असं ठरवलं. त्याच सभेत दुसराही ठराव झाला: अशी योजना सरकारनेच आणावी, आणि ती कशी असावी हे आपण लिहून आदिवासी विकास आणि वन विभागाला पाठवावं. ते लिहिणं माझ्याकडे आलंय.

मोजणीचं गणित शिकलो. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. त्यावरून आणि जातीवरून वाळल्या वजनाचा अंदाज काढायचा, त्याचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन. त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वाळलं वजन एक टन असलेल्या ऐनाच्या झाडात सुमारे १.७ टन. पोरांना घेऊन काही नमुना तुकडे मोजलेही. एकाने टेप धरायचा, दुसऱ्याने आकडा ओरडायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचा आणि मोजलेल्या झाडावर चुन्याची खूण करायची. उतारावर टेप वरच्या बाजूने धरायचा, हे कळायला अर्धा दिवस गेला.

अडलंय ते पुढे. क्रेडिट मिळतं ते वाढीवर, म्हणजे योजना नसती तर जे झालं नसतं तेवढ्यावरच. आम्ही १२ वर्षं पाळीपाळीने राखण केली, होळीआधी जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढल्या, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून आग लावणं बंद केलं. जंगल दाट झालं ते त्यामुळे. आता मोजणी आजपासून धरली तर त्या राखणीचा हिशेब शून्य, आणि शेजारी जिथे जंगल तुटलं तिथे वाढीला वाव जास्त. हे मनाला पटत नाही. मसुद्यात हे कसं मांडावं?

दुसरं, हा कार्बन कायद्याने कुणाचा? २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात बांबू, तेंदू, मध, लाख, औषधी वनस्पती आहेत. कार्बन हा शब्द नाही. पण राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क कलम ३ मध्ये स्पष्ट आहे.

ऑक्टोबर २०२३ चे ग्रीन क्रेडिट नियम वाचले, पण ग्रीन क्रेडिट म्हणजे कार्बन क्रेडिट नव्हे. मेघालयात खासी टेकड्यांवर १० हिमांनी (हिमा म्हणजे खासींची पारंपरिक संस्थानं) मिळून जंगलाचा कार्बन प्रकल्प चालवलाय, त्याबद्दल कुणाला आतली माहिती असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद

दादा, सही केली नाही हे फार बरं झालं. आधी हक्काचं. कलम ४(४) प्रमाणे तुमचा हक्क वारशाने जातो, पण दुसऱ्याला देता येत नाही. मसुद्याचं पहिलं वाक्य हेच ठेवा: कार्बनचा हक्क व्यवस्थापनाच्या हक्कातच येतो, सरकार किंवा मध्यस्थ मालक होऊ शकत नाही. हे शासनाने लिहून दिल्याशिवाय पुढचं कलम वाचूच नका.

मागच्या राखणीचं मात्र क्रेडिटमध्ये बसवू नका. जी वाढ होऊन गेली ती विकली, तर घेणारा त्या नावावर तिकडे धूर सोडतच राहील, आणि हवेत काहीच कमी होणार नाही. त्यासाठी वेगळं मागा. कोस्टारिकात १९९७ पासून उभं जंगल राखणाऱ्याला सरकार हेक्टरी पैसे देतं, मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. त्यात क्रेडिट विकावं लागत नाही. तुमच्या योजनेचे असे दोन भाग करा: राखणीचा हेक्टरी मोबदला, आणि आजपासूनच्या वाढीवर क्रेडिट.

आणि वणव्याचं लिहायला विसरू नका. क्रेडिटचा काही हिस्सा न विकता राखीव ठेवायचा असतो, जंगल जळालं तर भरपाई त्यातून. तो राखीव साठा सगळ्या ग्रामसभांचा एकत्र असू द्या. एकट्या गावावर पडला तर एका वणव्यात सगळं जाईल.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. दोन भागांचं आधी सुचायला हवं होतं. एकच विचारतो: हेक्टरी मोबदला सगळ्या जंगलाला सारखा मागावा, की राखणीच्या पाळीची वही दाखवणाऱ्या ग्रामसभेलाच? आमच्याकडे १२ वर्षांच्या वह्या आहेत, पहिल्या दोन वाळवीने खाल्ल्या. उरलेल्यांचे फोटो काढायला आज रात्रीच बसतोय. तेंदूचा फड सुरू झाला की गावात कुणी सापडत नाही, त्याआधी सभेपुढे मसुदा ठेवायचाय.