अनुभव धागा: किचनच्या साइड पॅनेलचं माप कुठे चुकलं?

गोडोलीकर, सातारा
सध्या घरी किचनचं काम काढलंय. ओटा जुनाच, खालची कपाटं नवी. मी पडलो इंजिनिअर, मिस्त्रींच्या हातात मापांचा कागदच ठेवला: साइड पॅनेल, म्हणजे कपाटाची बाजूची फळी, 720 बाय 610 मिलिमीटर. प्लायची शीट 1220 रुंद, त्यात 610 ची दोन बरोब्बर बसतात. मिस्त्रींनी कागद पाहिला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "साहेब, पात्याचं काय?"

करवतीचं पातं स्वतःच 3 मिलिमीटर खातं. ते भुशात जातं, कागदावर दिसत नाही. मग पॅनेलची खोली 600 धरली. एका शीटमध्ये सहा पॅनेल निघाली, वर वीतभरापेक्षा जास्त पट्टी उरली. आता घरात कुठलाही हिशोब मांडला की बायको विचारते, "पात्याचं काय?"

तर ज्यांनी पॅनेल कापली, कापून घेतली किंवा कापून वाया घालवली, त्यांनी लिहा. चुका आधी.

विश्रामबागची सून, सांगली
आमचं माप चुकलं नाही, बाजू चुकली. पाय ठेवायला जागा हवी म्हणून पॅनेलच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यात 4 इंची खाच घ्यायची होती. पोरगा नवा होता. त्याने सहाच्या सहा पॅनेल एकावर एक रचली आणि एका दमात खाच मारली. प्लाय कोरा असता तर तीन उलटी फिरवून काम भागलं असतं. पण आतल्या बाजूला पांढरा मायका आणि बाहेर लाकडी रंगाचा, दोन्ही आधीच चिकटवलेले. सगळी पॅनेल डावी! सासूबाई म्हणाल्या, "एका बाजूचंच किचन करायचंय का?" तीन पॅनेल नव्याने कापावी लागली. आता माझा नियम एकच: कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने "डा", "उ" आणि वरच्या कडेला बाण.

कृष्णाकाठ, गावभाग, सांगली
2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात आलं. ओसरल्यावर पाहिलं तर पार्टिकल बोर्डाची पॅनेल खालून पावासारखी फुगलेली. नवीन केलं ते 710 नंबरच्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये, पण मिस्त्रींनी मुद्दा सांगितला तो वेगळाच. प्लाय कितीही भारी घ्या, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून तिथे पट्टी लावत नाहीत, तशीच कोरी सोडतात. आम्ही जागेवर बसून तिला प्रायमरचे दोन हात देऊन घेतले. शिवाय दोन बॉक्सना मिळून एकच साइड न ठेवता प्रत्येकाला स्वतःच्या दोन दिल्या. प्लाय जास्त गेला, पण 2021 ला नदीची पातळी वाढायला लागली तेव्हा स्क्रू काढून एकेक बॉक्स माडीवर चढवला.

रंधा-पटाशी, मिरज
मी धंद्यानेच सुतार. वरचं सगळं वाचलं, आता आमची बाजू.

गिऱ्हाईक माप घेतं एका जागी, बहुतेक वट्ट्याजवळ. ओट्याखालच्या कडप्प्याच्या दोन उभ्या फरश्यांमधला गाळा वर, मधे, खाली असा तीनदा मोजायचा आणि सगळ्यात कमी भरेल ते माप धरायचं. कर्णही मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर गवंड्याला चहा पाजा, मला असा गाळा क्वचितच भेटतो.

भिंतीला टेकणारं शेवटचं पॅनेल कधीच मापात कापू नका. इंचभर जास्त ठेवा. ओळंब्यात उभं करा, सगळ्यात मोठी फट जेवढी, तेवढ्या जाडीचा ठोकळा घ्या, त्याला पेन्सिल लावून भिंतीवरून वरून खाली सरकवा. भिंतीचं सगळं वाकडेपण पॅनेलवर उमटतं. त्या रेघेवर कापा, मग पॅनेल भिंतीला असं बसतं की पोस्टकार्ड जात नाही. जमिनीला मोरीकडे उतार असेल तर खालची कडही याच पद्धतीने.

आणि मायक्याची जाडी विसरू नका. 600 रुंदीच्या बॉक्सला 18 जाडीच्या दोन साइड, आत उरले 564. आतून दोन्हीकडे 1 चा मायका, राहिले 562. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलला दोन्ही बाजूंना 13-13 सोडले की ड्रॉवर 536 चा. मायका न धरता 538 चा केलात तर तो ठोकून आत जाईल, पण रोज उघडताना कुरकुरेल आणि शिव्या मला पडतील.

शाहूपुरीतली गच्ची, सातारा
मी सर्क्युलर सॉ आणून स्वतः कापलं. पहिल्या कापात मायक्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे टवके. नंतर कळलं, या सॉचं पातं खालून वर कापतं, म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. रेघेवर चिकटपट्टी लावली, बारीक दातांचं पातं बसवलं आणि कड सुधारली. सरळ कापायला ॲल्युमिनियमची पट्टी शिकंजांनी आवळली होती. तरीही पुढच्या वेळी पॅनेल सॉवालाच गाठीन. त्याच्या यंत्रात मोठ्या पात्याआधी एक छोटं पातं खालून बारीक चर पाडतं, त्यामुळे खालचा मायकाही तुटत नाही. ती पहिली टवके उडालेली पॅनेल गॅस सिलिंडरच्या कप्प्यात गेली, कुणाला सांगू नका.

गोडोलीकर
रंधा-पटाशी, तुमचं वाचून लगेच माझा कागद काढला. ड्रॉवरची रुंदी 538 लिहिली आहे. मिस्त्री जेवायला गेलेत, ड्रॉवरची शीट अजून कापलेली नाही. फोन लावतोय.